वादकांच्या रॅकमधल्या वायरी, ॲडॅप्टर आणि पॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कीबोर्ड वाजवतो आणि कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी या पट्ट्यातल्या वादकांना रॅक (मिक्सर, रिसीव्हर, ॲडॅप्टर एकत्र बसवलेली पेटी) बांधून देतो. ऑर्केस्ट्रा असो, भजनी मंडळ असो की बेंजो पार्टी, फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवली आहेत.

वाजतंय ना नीट? मग वायरी आवरायचा एवढा खटाटोप कशासाठी?

पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात माझा कीबोर्ड गप्प झाला. रॅकच्या मागं गेलो तर सगळ्या काळ्या वायरी, सगळे काळे ॲडॅप्टर आणि स्टेजमागं मिट्ट काळोख. कुठला ॲडॅप्टर कुणाचा तेच कळेना. एक ओढला तर वायरलेस माइक बंद पडला, दुसरा ओढला तर स्टेजवरचा मॉनिटर स्पीकर गेला. निवेदकानं वेळ मारून नेली, पण दहा मिनिटं गेली ती गेलीच. शेवटी काय निघालं? कीबोर्डचा ॲडॅप्टर सॉकेटच्या बोर्डातून अर्धा निसटला होता.

तेव्हापासून माझी रॅकची परीक्षा एकच आहे. खोलीतला दिवा बंद करायचा, मोबाइलचा टॉर्च दातात धरायचा आणि कुणालातरी सांगायचं, "ऑक्टोपॅडची पॉवर काढ." (ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य.) एका हातानं, दुसरं काही न हलवता, अर्ध्या मिनिटात काढता आली तर रॅक बांधला म्हणायचं. दिसायला सुंदर झाला तर आनंदच आहे, पण सौंदर्यासाठी मी कुणाचे पैसे घेत नाही.

सुरुवात कुठून करू?

सगळं बाहेर काढा. खरंच सगळं. अर्धा रॅक तसाच ठेवून उरलेला आवरायला गेलात की जुना गुंता नव्यात मिसळतो.

सतरंजीवर उपकरणं ओळीनं मांडा आणि वही घ्या. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला किंवा पोटाखाली छापलेलं असतं, ते लिहून काढा: व्होल्ट किती, एसी की डीसी, मिलिअँपिअर किती, जॅकचा प्लस आत आहे की बाहेर. मग त्यातून कुठली वायर निघते आणि कुठं जाते, हे लिहा. या कामाला एक संध्याकाळ लागते. लोकांना कंटाळा येतो आणि इथंच ते घाई करतात. पण गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडं आलेल्या रॅकमधली निम्मी गडबड या वहीतच सापडली. चुकीचा ॲडॅप्टर, गरज नसलेली वायर, तीन फुटांच्या अंतराला लावलेली पंधरा फुटांची केबल.

माझा रॅक किती करंट खातो? बोर्ड जळेल का?

बहुतेक वादकांना वाटतं त्यापेक्षा खूपच कमी खातो. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. कीबोर्डचा ॲडॅप्टर 12 व्होल्ट, दीड अँपिअरचा असेल तर 18 वॅट. लॅपटॉपचा 65 वॅट. छोटा मिक्सर 30-40 वॅट, दोन वायरलेस रिसीव्हर, ऑक्टोपॅड, कानात लावायच्या इन-इयरचा ट्रान्समीटर धरून सगळं मिळून दीडशे-दोनशे वॅटच्या आसपास. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर हे एक अँपिअरच्या आतच बसतं. साधा 6 अँपिअरचा सॉकेट हिशोबानं 1380 वॅट देतो, 16 अँपिअरचा 3680 वॅट.

मग बोर्ड जळतात कशामुळं? सैल सांध्यामुळं. पिन ढिली बसली की तिथं ठिणगी पडते, सांधा तापतो, प्लास्टिक मऊ होतं, पिन आणखी ढिली होते. म्हणून कार्यक्रमानंतर बोर्डाला हात लावून बघा. एखादी जागा कोमट लागली तरी तो सॉकेट बदला.

पॉवर ॲम्प्लिफायर मात्र या हिशोबात धरू नका. त्याला स्वतंत्र 16 अँपिअरची लाइन द्या.

रॅकच्या आत बोर्ड कसा असावा?

बाहेरून आत येणारी वायर एकच असावी, हा पहिला नियम. एका रॅकला तीन प्लग बाहेर लोंबत असतील तर कुणीतरी एक प्लग डावीकडच्या खांबावर आणि दुसरा उजवीकडच्या खांबावर लावणारच. पुढच्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

माझी पद्धत अशी. तीन कोअरची, दीड चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर, सहा-सात मीटर. आत शिरते तिथं ग्लँड (वायर आवळून धरणारं बूच) लावायचा, म्हणजे कुणाचा पाय अडकून वायर ओढली गेली तरी ताण सांध्यावर येत नाही. त्यानंतर डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, 6 किंवा 10 अँपिअरची, सी कर्व्ह. डबल पोल का, तर गावोगावच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. सिंगल पोल असेल तर स्विच बंद करूनही आत फेज जिवंत राहतो. सी कर्व्ह यासाठी की आठ-दहा ॲडॅप्टर एकदम चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतात आणि जास्त संवेदनशील एमसीबी उगाच पडते. तिच्या सोबतीला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडं गळू लागला की वीज तोडणारा स्विच. ही माणसाचा जीव वाचवणारी वस्तू आहे. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

पुढं रॅकला मागून बसणारी सॉकेटची पट्टी. धातूची घ्या आणि सॉकेट दूरदूर असलेली घ्या. तयार मिळाली नाही तर शिवाजी उद्यमनगरमध्ये पत्र्याचं काम करणारे मापाप्रमाणे कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून देतात. मापं पक्की सांगा: रॅकची रुंदी 19 इंच म्हणजे 482.6 मिलिमीटर, आणि एका यू ची (रॅकमधल्या एका कप्प्याची) उंची 44.45 मिलिमीटर. मिलिमीटरभर इकडंतिकडं झालं की केज नट (रॅकच्या खांबाच्या भोकात बसणारे नट) जुळत नाहीत, मग कानस घेऊन बसावं लागतं.

एमसीबीपर्यंतचं हे सगळं जोडकाम परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. मीही तेच करतो.

अर्थिंगची पिन काढली की हम (स्पीकरमधली गुणगुण) जातो. काढून टाकू का?

नाही. कुणी कितीही अनुभवी माणसानं सांगितलं तरी नाही.

का, ते नीट समजून घ्या. मिक्सर, लॅपटॉपचा ॲडॅप्टर, डिजिटल उपकरणं यांच्या आत फेज आणि बॉडीच्या मध्ये, तसंच न्यूट्रल आणि बॉडीच्या मध्ये छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला असतो तेव्हा त्यांतून झिरपणारा बारीक करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ तोडलात की त्याला वाट राहत नाही आणि सगळ्या रॅकची बॉडी तरंगत साधारण 115 व्होल्टच्या आसपास जाऊन बसते. तुम्ही कीबोर्डच्या पत्र्याला हात लावता, ओठ माइकच्या जाळीला लागतात आणि ओठाला झिणझिण्या येतात. हा करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. पण एखाद्या दिवशी आत वायरचं आवरण घासून फेज थेट बॉडीला टेकला तर? अर्थ असेल तर एमसीबी पडते. अर्थ नसेल तर तो करंट तुमच्यातून जातो, आणि पावसाळ्यात ओल्या मांडवात अनवाणी उभा असलेला गायक हा त्याला मिळणारा सर्वांत सोपा रस्ता असतो.

माझ्याकडं एक रॅक आला होता. दिसायला देखणा, वायरी रंगवार बांधलेल्या. मुख्य प्लग उघडला तर हिरवी वायर कापून तिच्या टोकाला टेप गुंडाळलेली. मालकाला पत्ताच नव्हता. तीन वर्षं तो तसाच वाजवत होता. रॅक सेकंडहँड घेतला असेल तर आजच प्लग उघडून बघा.

मग हम कसा घालवायचा?

आधी ऐका. हमचे दोन प्रकार असतात आणि कानाला ते वेगळे कळतात. एक खालचा, गोल, भरीव: 50 हर्ट्झचा. तो बहुधा अर्थ लूपमधून येतो किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेल्या वायरीतून. दुसरा करकरीत, किडा गुणगुणल्यासारखा: 100 हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पट्ट्यांचा. तो खराब ॲडॅप्टर, लाइटचे डिमर, लॅपटॉपचा चार्जर यांच्याकडून येतो. लाइट कमी-जास्त केल्यावर आवाज बदलत असेल तर चोर लाइटिंगच्या बाजूला आहे.

मग शोधाशोध. मिक्सरमध्ये आलेल्या सगळ्या ऑडिओ वायरी काढा, हेडफोन लावा. शांत असेल तर एकेक वायर जोडत जा. जी जोडल्यावर हम सुरू झाला ती बाजूला ठेवा. इतकं सोपं असूनही लोक एकदम चार गोष्टी बदलतात आणि कशानं गेला ते कळत नाही, मग पुढच्या कार्यक्रमात तोच हम परत.

अर्थ लूप म्हणजे काय, तर दोन उपकरणांच्या अर्थना एकमेकांकडं जायला दोन वाटा मिळणं. एक वाट विजेच्या अर्थ वायरमधून, दुसरी ऑडिओ केबलच्या आतल्या तारेच्या जाळीतून. तुमचा रॅक एका सॉकेटवर, एफओएचचा (प्रेक्षकांच्या बाजूचा) मिक्सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर; दोन्हीकडच्या अर्थमध्ये जरा फरक असतोच आणि त्या फरकाचा करंट केबलच्या जाळीतून वाहतो. साधी टीएस वायर (एक तार आणि जाळी) असेल तर तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. यावर उपाय तीन, आणि मी ते याच क्रमानं करून बघतो. स्टेजवरचं सगळं साउंड एकाच ठिकाणाहून वीज घेईल असं करा. रॅकमधून बाहेर जाणारे सगळे सिग्नल बॅलन्स्ड करा, म्हणजे सिग्नल दोन तारांतून उलटसुलट जातो आणि बाहेरून शिरलेली गुणगुण कटते; त्यासाठी एक्सएलआर किंवा टीआरएस वायर. आणि तरीही राहिला तर डीआय बॉक्सचं (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणाऱ्या डब्याचं) ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. ते बटण फक्त ऑडिओची जाळी तोडतं, विजेचा अर्थ शाबूत राहतो. म्हणून ते चालतं आणि पिन कापणं चालत नाही.

मैदानात शंभर बॉक्सच्या गोंगाटात हा हम कुणाला ऐकूही येत नाही. पण कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या ठिकाणी बैठक असते, तानपुरा जुळतो आणि सभागृह श्वास रोखून बसतं, तेव्हा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या हलक्या ॲडॅप्टरची गुणगुण षड्जाच्या शेजारी जाऊन बसते. थोर गायक अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, गायले, त्या गावात हे मला सहन होत नाही. बैठकीला मी तानपुरा बॅटरीवर चालवायला सांगतो.

ॲडॅप्टर जॅकमध्ये बसतोय, मग चालेल ना?

जॅक बसणं ही काहीच खूण नाही. चार गोष्टी जुळाव्या लागतात.

व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. एसी-डीसी जुळलं पाहिजे. अलेसिसचं एसआर-16 ड्रम मशीन 9 व्होल्ट एसी मागतं, लाइन सिक्सचा जुना हिरवा डीएल-4 इफेक्ट पेडलही तसाच. त्यांना 9 व्होल्ट डीसी देऊन चालत नाही, आणि त्यांचा एसी ॲडॅप्टर चुकून दुसऱ्या पेडलला लागला तर तो पेडल गेलाच समजा. तिसरी गोष्ट पोलॅरिटी. बॉस पेडल आणि रोलंडची बरीच वाद्यं 9 व्होल्ट, आत मायनस. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतले बरेच कीबोर्ड 12 व्होल्ट, आत प्लस. आपल्याकडच्या स्टेजवर ऑक्टोपॅड आणि यामाहा शेजारीशेजारी उभे असतात, दोघांचे ॲडॅप्टर एकाच पिशवीत. कीबोर्डचा ऑक्टोपॅडला लागला तर व्होल्टही जास्त आणि दिशाही उलटी. अशी आतला सर्किट बोर्ड भाजलेली वाद्यं मी एकापेक्षा जास्त पाहिली आहेत.

चौथी गोष्ट करंट. इथं मात्र मोकळीक आहे: ॲडॅप्टरवर लिहिलेला आकडा वाद्याच्या मागणीइतका किंवा त्याहून जास्त असावा. 500 मिलिअँपिअर मागणाऱ्याला 2 अँपिअरचा दिला तर बिघडत नाही, वाद्य हवं तेवढंच घेतं. कमी दिला तर ॲडॅप्टर तापतो, आवाजात गुणगुण येते, डिजिटल वाद्य मधेच स्वतःला रीस्टार्ट करतं.

जॅकच्या आतल्या भोकाचं मापही बघा. 2.1 आणि 2.5 मिलिमीटर असे दोन आहेत, बाहेरून दोन्ही साडेपाच. 2.5 चा जॅक 2.1 च्या पिनवर आरामात सरकतो, पण धरत नाही. ठेक्यावर पाय आपटला की वाद्य बंद-चालू. बिघाड वाद्यात नसतो, जॅकमध्ये असतो.

सगळ्या ॲडॅप्टरऐवजी एकच मोठा पॉवर सप्लाय घेऊ का?

9 व्होल्टचे पाच-सात पेडल असतील तर जरूर घ्या, पण प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड (बाकीच्यांपासून विजेनं अलग) असलेला घ्या. एकाच ॲडॅप्टरला शेपटी जोडत नेलेली डेझी चेन स्वस्त पडते. पण तीत सगळ्यांचा ग्राउंड एक होतो आणि डिजिटल रिव्हर्ब पेडलचा कचरा ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये ऐकू येतो. आयसोलेटेडमध्ये प्रत्येक आउटपुटची स्वतंत्र मर्यादा छापलेली असते, 100 मिलिअँपिअर किंवा 500 वगैरे. जास्त खाणारं उपकरण जास्त देणाऱ्या भोकाला लावा.

9, 12, 15, 19 व्होल्ट असं मिश्रण असेल तर मूळ ॲडॅप्टरच ठेवा आणि ते नीट बसवा. गल्लीत बनवलेला "सगळ्या व्होल्टचा डबा" मी रॅकमध्ये घेत नाही.

ॲडॅप्टर सॉकेटमधून निसटतात. काय करू?

भिंतीच्या सॉकेटसाठी बनवलेला जड ॲडॅप्टर आडव्या पट्टीत लोंबत ठेवला तर कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर टेम्पो दोन खड्ड्यांतून गेला की सुटतोच.

मी रॅकच्या तळाशी एक यू चा ट्रे ठेवतो. ॲडॅप्टर त्यावर आडवे, छापील बाजू वर, खाली जाड डबल टेपचा तुकडा आणि वरून व्हेलक्रोचा पट्टा ट्रेच्या फटींतून काढून घट्ट ओढलेला. पट्टीपासून ॲडॅप्टरपर्यंत वीतभर लांबीची छोटी एक्स्टेंशन. यानं दोन गोष्टी साधतात: वजन सॉकेटवर येत नाही आणि एका ॲडॅप्टरनं शेजारचे दोन सॉकेट झाकले जात नाहीत. ॲडॅप्टर एकमेकांना चिकटवून ठेवू नका, मध्ये बोटभर फट ठेवा. ते तापतात.

पॉवरची आणि ऑडिओची वायर एकत्र बांधू नये म्हणतात. एवढ्याशा रॅकमध्ये जमणार कसं?

मागून रॅककडं तोंड करून उभे राहा. डावा खांब पॉवरचा, उजवा खांब ऑडिओचा. माझ्या सगळ्या रॅकना हेच, त्यामुळं दुसऱ्याचा रॅक असला तरी हात आपोआप बरोबर जागी जातो. मिडी, यूएसबी आणि नेटवर्कच्या वायरी ऑडिओच्या खांबाला, पण वेगळ्या जुडीत.

कुठंतरी दोन्ही ओलांडाव्या लागतातच. तिथं काटकोनात ओलांडा. समांतर धावल्या तर पॉवर वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ऑडिओत उतरतं, काटकोनात ते जवळजवळ उतरत नाही. जुन्या धाटणीचे, ट्रान्सफॉर्मरवाले जड ॲडॅप्टर यात सगळ्यात त्रासदायक. पण अंतर वाढलं की त्यांचा प्रभाव झपाट्यानं कमी होतो. माइकची वायर त्याच्यापासून वीतभर बाजूला घेतली तरी फरक ऐकू येतो. एकदा हेडफोन लावून, वायर हातात धरून जवळ-लांब करून बघा, म्हणजे माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज राहणार नाही.

केबल टाय वापरू का?

कायमच्या, कधीच न हलणाऱ्या पॉवर वायरींना ठीक. ऑडिओला नको. टाय आवळला की केबलच्या आतली जाळी आणि इन्सुलेशन दबतं, कापताना कात्रीचं टोक शेजारच्या वायरला लागतं, आणि कापलेलं टोक हाताला ब्लेडसारखं ओरबाडतं. अंधारात रॅकमध्ये हात घालणाऱ्याला ते नक्की कळेल.

व्हेलक्रो मीटरवर घ्या. चप्पल-बॅगांचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं, आपल्या गावात त्या दुकानांना काय तोटा! व्हेलक्रो नसेल तर सुती नाडी, सुरगाठ मारून. एका हातानं सुटते, वर्षानुवर्षं टिकते.

जास्तीची लांबी जॅकजवळ कोंबू नका. प्रत्येक उपकरण केज नट काढून वीतभर पुढं ओढता येईल एवढा झोल मागं ठेवा आणि उरलेली वायर खांबाजवळ सैल इंग्रजी आठच्या आकारात बांधा. कोपराभोवती पीळ देऊन गुंडाळायची सवय मोडा. एक वळण सरळ, पुढचं वळण मनगट आत फिरवून उलटं, परत सरळ, परत उलटं. पहिल्या दिवशी हात अडखळतो, आठवड्यात बसतो. मग वायर फेकली की गाठ न पडता सरळ उलगडते.

लेबल कसं करायचं?

दोन्ही टोकांना. एकाच टोकाला लेबल असलं की दुसरं टोक हातात येतं तेव्हाच त्याची गरज पडते.

कागदी स्टिकर घामानं, दमट हवेनं सुटतात. पांढरी कापडी टेप, पक्क्या मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलेली, आणि वरून पारदर्शक हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). श्रिंक प्लग बसवायच्या आधी ओवावी लागते, हे विसरू नका. मी आकडा लिहितो, नाव नाही: 1, 2, 3. कीबोर्ड बदलला तरी लेबल बदलावं लागत नाही, कुठला आकडा कशाचा त्याची यादी रॅकच्या झाकणाच्या आत चिकटवलेली असते. ॲडॅप्टरच्या जॅकजवळ रंगीत टेपचा एक वेढा आणि वाद्याच्या सॉकेटशेजारी त्याच रंगाचा ठिपका. लाल लालला, निळा निळ्याला. मदतीला आलेला पोरगाही चुकत नाही.

कुठलं उपकरण वर, कुठलं खाली?

जड खाली, तापणारं वर किंवा त्याच्या वर एक यू मोकळा. वायरलेस रिसीव्हर सगळ्यात वर, अँटेना पुढं काढून, पॉवर सप्लायपासून लांब. अँटेनाची वायर इतर वायरींच्या जुडीत आवळू नका. आणि दर सहा महिन्यांनी सगळे स्क्रू पाना लावून बघा.

गावच्या जत्रेत जनरेटर किंवा खांबावरून लाइन मिळते. प्लग लावण्याआधी काय तपासू?

साधा डिजिटल मल्टिमीटर रॅकमध्येच ठेवा. टेस्टरनं फक्त फेज आहे एवढंच कळतं.

तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थ पोचलेलाच नाही. आयोजकांना सांगून खड्डा खणून, पाणी ओतून अर्थ करून घ्या. मागायला लाजू नका, तुमच्या मागं पाच माणसं उभी असतात.

सगळ्यात मोठा धोका न्यूट्रल सुटण्याचा. थ्री फेजमध्ये दोन फेजच्या मधलं व्होल्टेज 400 च्या पुढं असतं. न्यूट्रलचा सांधा निखळला की ज्या फेजवर लोड कमी, त्यावरचं व्होल्टेज उसळतं, 300 च्या वर जातं, आणि लोड कमी असणारा म्हणजे आपणच, कारण लाइटिंगवाले दुसऱ्या फेजवर किलोवॅटनं ओढत असतात. एका सेकंदात रॅकमधले सगळे ॲडॅप्टर फुटतात. एमसीबी इथं काही करू शकत नाही, ती करंट बघते, व्होल्टेज नाही. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, एमसीबीच्याच पट्टीवर बसतो. मर्यादा 260 च्या आसपास ठेवा. माझ्या मते रॅकमध्ये घातलेल्या पैशांतले सगळ्यात सार्थकी लागणारे पैसे हेच.

लाइटिंग वेगळ्या फेजवर, स्टेजवरचं सगळं साउंड एका फेजवर, हे आधीच ठरवून घ्या. लागून उभ्या असलेल्या दोन वादकांची वाद्यं दोन वेगळ्या फेजवर नकोत.

चालू-बंद करायचा क्रम?

चालू करताना वाद्यं, मग मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट, ॲम्प्लिफायर आधी. नाहीतर जो ढप्प आवाज येतो तो स्पीकरच्या कॉइलवर पडतो.

लॅपटॉप जोडला की चर्रर्र येतं.

चार्जर काढून बघा. थांबलं तर लॅपटॉपच्या चार्जरचा अर्थ आणि यूएसबीतून येणारा ग्राउंड मिळून लूप झाला आहे. इंटरफेसमधून बॅलन्स्ड आउट घ्या, नाहीतर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय मध्ये घाला. यूएसबी वायर पाच मीटरच्या आत ठेवा आणि ती पॉवरच्या खांबावरून नेऊ नका. यूपीएस घ्यायचा तर प्युअर साइनवेव्हचा घ्या. चौकोनी लाटेवर ट्रान्सफॉर्मरवाले ॲडॅप्टर स्वतःच गुणगुणायला लागतात.

गुलाल आणि पावसाचं काय करायचं?

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर वाजवून आलेला रॅक उघडलात तर आत सगळं गुलाबी. चांगभलंच्या गजरात उधळलेला गुलाल पंख्याच्या जाळीतून आत जातो, जॅकमध्ये बसतो, आणि पहिल्या पावसाची दमट हवा लागली की त्याचा लगदा होतो. गणपतीच्या मिरवणुकीनंतरही तेच. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. पॉवर काढून मऊ ब्रशनं झाडा, मग ब्लोअर, मग कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकवर मारून तो जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. मिरवणुकीला जाताना रिकाम्या सॉकेटांना टोप्या घाला आणि पंख्याच्या तोंडाला पातळ फोम लावा, पण हवा कोंडणार नाही इतकाच.

पावसाळ्यात रॅक महिनाभर पडून राहणार असेल तर आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तासभर सगळं चालू करून ठेवा. उपकरणांची स्वतःची ऊबच ओल हाकलते. टेम्पोतून गार, ओला रॅक उतरवल्यावर मात्र लगेच चालू करू नका. अर्धा तास झाकण उघडून ठेवा.

रॅक तळमजल्यावरच्या खोलीत ठेवला आहे. चालेल?

नदीच्या बाजूला राहत असाल तर नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरांत पाणी कुठवर आलं होतं ते घरातल्या भिंतीवर अजून दिसत असेल. रॅक निदान त्या रेषेच्या वर हवा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आहे, धोका पातळी 43 फूट. मी 39 ची वाट बघत नाही. पाणी वाढतंय असं दिसलं की रॅक वरच्या मजल्यावर. यासाठीही बाहेर येणारी एकच वायर उपयोगी पडते: एक प्लग काढायचा, एक मल्टिकोर (अनेक ऑडिओ वायरी एकत्र असलेली जाड केबल) काढायचा, दोन माणसांनी हँडल धरायचं आणि जिना चढायचा.

आणि पाणी रॅकमध्ये गेलंच, तर कितीही वाळलेला दिसला तरी प्लग लावू नका. ॲडॅप्टर सगळे टाकून द्या, एमसीबी आणि आरसीसीबी नव्या घ्या. मिक्सर आणि वाद्यं उघडून, गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, पूर्ण वाळवूनच दुरुस्तीवाल्याकडं न्या. कीबोर्डमध्ये बॅटरी असेल तर ती सगळ्यात आधी काढा.